कुलपातली सोनोग्राफी

प्रिय दादा,

तू विचारलंस ते पोचलं. आबांनी फोनवर तेच पुन्हा विचारलं आणि वहिनीनेही आडून आडून सुचवलं. उत्तर देणार आहे, पण पत्राच्या शेवटी. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, मग मला रडू येतं आणि बोलायचं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसले. आधी माझा संताप ऐकून घे. इथे तो ऐकणारं कोणी नाही.

आमच्या ट्रस्टच्या इस्पितळात सोनोग्राफीचं मशीन आहे, हे तुला ठाऊकच आहे. चाकांचं आहे, ढकललं की पोराटोराच्या हातानेही चालेल. पण ते खोलीत कुलपात असतं. ज्यांच्या नावावर त्याची नोंद आहे ते डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, म्हणजे बाकीच्या दिवशी पेशंटने आजारी पडायचं नाही. ती खोली आणि माझी कॅज्युअल्टी यांच्यामध्ये एक व्हरांडा आहे, बस्स. खाटेशेजारी उभं राहून पोटात रक्त साचलंय का, आतडं अडलंय का, एवढं बघायला मी नागपूरला जाऊन शिकून आले. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलंय, त्यावर पाल बसते. गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या कायद्याला ते चालत नाही. त्याला सहा महिन्यांचं रीतसर प्रशिक्षण लागतं आणि ते माझं झालेलं नाही.

मागच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी पंचफुला आली. लोणारकडच्या एका खेड्यातली, तिशीतली बाई. ऑटोतून उतरवली तेव्हा पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, हिरवट ओकाऱ्या चालू, दोन दिवसांत संडास नाही की वारा सरलेला नाही. सासू मनकर्णाबाई सोबत होती. तिने आदल्या दिवशी बेंबी सरकली म्हणून सुनेचं पोट चोळून घेतलं होतं आणि वरून एरंडेल पाजलं होतं. आपल्याकडे पोट दुखलं की पहिली सरकते ती बेंबी. आता आतडं अडलेलं असताना एरंडेल देणं म्हणजे पुढून दार बंद आणि मागून रेटा. तिच्या बेंबीखाली एक जुना उभा व्रण होता. मी विचारलं, हे कशाचं ऑपरेशन? मनकर्णाबाई म्हणाली, "पिशवीचं," आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

व्रण पाहिल्यावर माझी खात्रीच झाली. जुन्या ऑपरेशननंतर आतडी आतल्या आत चिकटतात आणि वर्षांनी कधीतरी एखादा वेढा तिथे अडकून बसतो. स्टेथोस्कोप लावला तर पोटात आधी नळ गळावा तसे आवाज येत होते, आणि थोड्या वेळाने तेही थांबले. ही शांतता मला आवडली नाही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असेल तर दुपारपर्यंत ते काळं पडणार आणि बाई हातची जाणार. एक्स-रेची नळी जळून महिना झाला, नवी "येऊन राह्यली". जालन्याच्या इस्पितळात फोन लावला तर तिथला माणूस म्हणाला, नुसत्या पोटदुखीला खाट नाही, एक्स-रे किंवा सोनोग्राफी काहीतरी पाठवा. सलाईन लावलं, नाकातून नळी घातली आणि किल्ली मागायला उत्तमरावांकडे गेले.

उत्तमराव म्हणजे ट्रस्टचे सचिव. माणूस वाईट नाही, पण भित्रा आहे आणि भित्र्या माणसाला नियम तोंडपाठ असतात. मी हात जोडले, दादा. मी तुझ्यासमोरसुद्धा कधी हात जोडले नाहीत. म्हटलं, बाई गरोदर नाही, मला फक्त आतडं बघायचंय, हवं तर तुम्ही शेजारी उभे राहा. ते किल्लीच्या खिशावर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, ज्याचं नाव नाही त्यानं हात लावला तर उद्या इथं लाखेचं सील लागन. बाकीच्याईले समजावून सांगा लागते, तुमाले काऊन सांगू? तुमच्या घरीच लागलं हाय ना." तुझ्या केंद्राला सील लागल्याचं त्यांनाही ठाऊक आहे. खाली मान घालून परत आले.

परत येताना मला तुझं मशीन आठवलं. तू ते आणलंस तेव्हा मी बारावीत होते. दसऱ्याला आबांनी ट्रॅक्टरसोबत त्याचीही पूजा केली होती, झेंडूची माळ पडद्यावर लोंबत होती. मग तू मलाच टेबलावर झोपवलंस, पोटावर तो गार चिकट लेप लावलास आणि म्हणालास, ही बघ सुलू, तुझी सकाळची भाकर चालली. करड्या पडद्यावर माझं आतडं गोगलगायीसारखं सरकत होतं. मी हसत सुटले, पडदा हलला, आणि तू रागावलास की पोट हलवू नको. मी डॉक्टर झाले ती त्या दिवसामुळे, हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते, आणि आजच सांगावं लागतंय याचाही राग येतो.

शेवटी मी जालन्याच्या माणसाला खोटं सांगितलं की आमच्या सर्जनचं तुमच्या साहेबांशी बोलणं झालंय, आणि १०८ ची गाडी बोलावली. आमच्याकडे सर्जन नाहीच. मीही सोबत गेले. तिथे पंचफुला अजून स्ट्रेचरवरच होती, तेवढ्यात एका पोरसवदा डॉक्टरने हातातलं लहानसं यंत्र तिच्या पोटावर टेकवलं. टम्म फुगलेले वेढे आणि त्यातलं पाणी नुसतं मागेपुढे हेलकावतंय, पुढे काही जात नाही. मला लांबूनसुद्धा दिसलं. चहा गाळायला जास्त वेळ लागतो. लगेच ऑपरेशनला घेतली. हातभर आतडं काळं पडलं होतं, ते कापावं लागलं. सर्जन म्हणाले, सकाळी आली असती तर बहुधा नुसतं सोडवून भागलं असतं. सकाळी ती माझ्यासमोर होती, दादा.

बाई वाचली. काल ड्रेसिंगला आमच्याकडे आली, दोन मुली सोबत होत्या, मोठी धाकटीची वेणी घालत बसली होती. मी पट्टी सोडत असताना पंचफुलाने माझ्या कोटावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "तुमी त्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरसाहेबाच्या कोन? आडनाव एकच दिसते." मी सांगितलं, बहीण. मग तिने सांगितलं ते तुझ्यावरच्या केसच्या कागदांत नाही. तिसऱ्या खेपेला सासू तिला तुझ्याकडे घेऊन आली होती. टेबलावर तू बालाजीच्या प्रसादाचा पुडा ठेवायचास. मुलगा असला की चिमूटभर प्रसाद हातावर ठेवायचा, तोंडाने एक शब्द नाही. "मी हात पुढं केला," ती म्हणाली, "माह्या हातावर काई पडलं नाही. सासू उठून उभी राह्यली." पुढे कुठल्याशा घरात पोट पाडताना पिशवी फाटली, जीव वाचवायला पोट उघडावं लागलं. तोच तो व्रण. त्याच व्रणाला आतडं चिकटलं, आणि ते बघायचं मशीन कुलपात होतं, तेही तुझ्यासारख्यांमुळे. कायद्यावर मी इतकी वर्षं चिडत आले, अजूनही चिडते. पण तो कोणाला भिऊन केलाय, हे मला काल तिच्या पोटावर हात ठेवून कळलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी सहा महिन्यांचं प्रशिक्षण घ्यावं आणि तुझं केंद्र माझ्या नावावर पुन्हा उघडावं, असं तुला वाटतं. आबा म्हणाले, आडनाव तेच, पाटी तीच, फक्त पहिलं नाव बदलायचं. प्रशिक्षण मी घेणार आहे, काल अर्जही केला. पण माझं नाव लागेल ते आमच्या कॅज्युअल्टीतल्या मशीनवर, आणि किल्ली माझ्या खिशात राहील. तुझ्या पाटीवर माझं नाव लागणार नाही, आबांनी जेवण सोडलं तरी नाही. तू मला भाकर दाखवलीस, त्याचे उपकार मी विसरणार नाही, पण ते असे फेडणार नाही. एक निरोप राहिला. जाताना पंचफुला म्हणाली, "त्याईचा हात लई हलका होता. साहेब बरे हायेत ना?" मंगळवारी ती टाके काढायला येईल तेव्हा पुन्हा विचारेल. काय सांगायचं ते तू येऊन तिला सांग.

तुझीच,
सुलू