बाटलीवरची बारीक अक्षरं

दि. ४ जानेवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू पाठवलेली व्हिटॅमिनच्या गोळ्यांची बाटली पोचली. बरोबरच्या चिठ्ठीत लिहिलंयस की मी घेतो तीच आहे, रोज एक घे, कॅन्सर जवळ फिरकणार नाही. हे म्हणाले, तुझा भाऊ चष्म्याचं दुकान सोडून वैद्यकी करायला लागला काय? बाटली तशीच फळीवर ठेवली आहे. एवढ्या पैशांत घरात आठवडाभर फळं येतात. तरी तुझा मान राखावा म्हणून आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अंगात काही कमी असेल तर गोळी जरूर घ्या. पण हजारो माणसांवर वर्षानुवर्षं पाहणी झाली आहे. रोज गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यात कॅन्सरच्या बाबतीत फरक दिसलाच तर नखाएवढा, आणि तोही सगळीकडे नाही. तिच्या भरवशावर तपासणी टाळू नका.

ते शेवटचं वाक्य तुझ्यासाठी आहे. बाबा पोटाच्या कॅन्सरने गेले तेव्हा आपल्या दोघांनाही दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. मी घेतली. तुझं अजून "बघू"च चाललंय. मावसभाऊ तुला भेटून आला. म्हणाला, त्याला ढब्बू म्हणायची सोय राहिली नाही, पट्ट्याला नवी भोकं पाडलीत. पोट कसं आहे ते खरं लिही. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून कागदावर विचारते. भावजय गेल्यापासून तुझ्या ताटाकडे बघणारं कोणी नाही, तेव्हा नाक मलाच खुपसावं लागतं.

देव तुला सुबुद्धी देवो, आणि जरा लवकर देवो.

तुझी ताई

दि. १५ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो. लहानपणी माझ्या दप्तराची झडती घ्यायचीस, आता पोटाची घेतेस. बाबांनी जन्मात कधी गोळी गिळली नाही, आणि काय झालं ते आपण पाहिलं. मी नाश्ता झाला की घेतो, एक दिवस चुकवत नाही. अंगावर चिलखत चढवल्यासारखं वाटतं. तुझ्या डॉक्टरीणबाईंना नखाएवढा फरक दिसतो, मला नखही पुरे.

वजन उतरलं ते बरंच झालं. चार घास खाल्ले की पोट भरतं, खर्च वाचतो, तुला तर आनंदच व्हायला हवा. दुपारी दुकानात गळून जातो आणि काउंटरवर डोकं टेकतो. वय झालं, दुसरं काय. तू खोदून विचारलंस म्हणून लिहितो, शौचाला डांबरासारखं काळं होतं. घाबरू नकोस. औषधाच्या दुकानदाराने पहिली बाटली देतानाच सांगितलं होतं की गोळीत लोह असतं, त्याने रंग बदलतो. म्हणजे गोळी अंगी लागतेय! भाऊजींच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार?

तुझ्या रागावरही लोभ ठेवणारा,

ढब्बू

दि. २१ जानेवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आलं आणि हातातली कणीक तशीच टाकून मी फळीवरची बाटली काढली. तूच करून दिलेला चष्मा लावून खिडकीशी गेले आणि बारीक अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली. त्यात लोह नाही. उलट तसं छापलंच आहे, "पन्नाशीपुढच्यांसाठी, लोहाशिवाय". जगाला वाचायला चष्मे देतोस आणि स्वतः रोज हातात घेतोस ते वाचत नाहीस?

मग काळं कशाने होतं?

तुझं पत्र डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आत कुठे रक्त जात असेल तर ते पचून असं काळं होतं. त्यात गळून जाणं, चार घासांत पोट भरणं, वजन उतरणं... लगेच जायला सांगा, एवढंच म्हणाल्या.

तुझा फोन नुसता वाजत राहतो. यांना अजून उभं राहता येत नाही, नाहीतर मीच दारात आले असते. म्हणून हे पत्र मावसभावाच्या हाती देतेय. त्याला बजावलंय, तुला घेतल्याशिवाय जागचा हलू नकोस.

एवढं एक ऐक. पुढे जन्मभर माझं काही ऐकू नकोस.

तुझी ताई

दि. २५ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

भिंग घेऊन माझी बाटली वाचली. पहिल्या बाटलीत लोह होतं. उन्हाळ्यात दुकानदाराने वय विचारून ही दुसरी दिली, आणि मी झाकणापलीकडे काही पाहिलं नाही. म्हणजे उन्हाळ्यापासून, ताई.

खरं सांगू? तपासणीला जायचं म्हटलं की बाबांचे शेवटचे महिने डोळ्यांपुढे यायचे. त्यापेक्षा सकाळी एक गोळी गिळायचो आणि त्या दिवसापुरता सुटायचो.

काल तोंडातून नळी घातली. डॉक्टर तरुण, गमत्या. काम करता करता चष्म्यावरून माझी थट्टा करत होता. मध्येच त्याचं बोलणं थांबलं. मग नर्सला हळू आवाजात म्हणाला, आणखी तुकडे घेऊ. बाहेर आल्यावर त्याने मावसभावाला बाजूला नेऊन विचारलं, यांचं जवळचं कोण आहे? तुकड्यांचा रिपोर्ट सोमवारी मिळेल.

ताई, येतेस का?

ढब्बू

दि. २७ जानेवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

यांच्या जेवणाची सोय शेजारणीकडे लावली. हे म्हणाले, माझा पाय काय पळून जातोय, तू नीघ. रविवारी संध्याकाळी पोचते. सोमवारी रिपोर्ट आपण दोघं मिळून आणू.

गोळी बंद करू का, असं तू मावसभावाला विचारलंस म्हणे. ते डॉक्टरांना विचार. बिचाऱ्या गोळीने कधी काही कबूल केलं नव्हतं, आपणच वचन तिच्या तोंडी घातलं.

आज देवापुढे दिवा लावला, हात जोडले. तुझ्यासाठी मागणं ओठांवर आलं आणि मी थांबले. अगदी तेच शब्द मी बाबांच्या वेळी म्हटले होते. दुसरे शोधत बराच वेळ बसले, ते काही सापडले नाहीत.

जेवढं जाईल तेवढं जेव. मी येतेच आहे.

तुझी ताई