भूगोल आणि पाचची गाडी

आबा, आज मी प्रवेशाच्या टेबलावर बसले होते. तुम्ही गेल्यावर वर्षभरात मला जळगावला कॉलेजात इतिहास शिकवायची नोकरी लागली, तेव्हापासून दर जूनमध्ये बसते. जामनेरकडचा एक बाप मुलीला एफ. वाय. बी. ए.ला घालायला आला होता. मेजर, मायनर असला नवा घोळ मी त्याला समजावून सांगत होते. त्याने शांतपणे खिशातून एसटीच्या वेळा लिहिलेला कागद काढला आणि विचारलं, "मॅडम, कोणता विषय घेतला तर चारची गाडी सापडेल?" शेजारचे सर हसले. मला मात्र मान वर करवेना.

माझ्या प्रवेशाचा जून डोळ्यांपुढे आला: तुम्ही सायकलच्या दुकानातून तसेच येऊन स्वयंपाकघरात बसला आहात, बोटं ग्रीसने काळी. माझ्या फॉर्मच्या पाठीमागे भडगावच्या गाड्या लिहिल्या आहेत. तिथल्या कॉलेजात जाऊन सगळी चौकशी करून आला आहात. "भूगोलनं प्रॅक्टिकल साडेपाचले सुटस. शेवटली गाडी पाचनी शे. मंग तू येशी कशी?" असं म्हणत तुम्ही भूगोल खोडता, इतिहास लिहिता. मी फणकारते, "तुमले काय समजस कॉलेजमधलं?"

तुम्ही रागावला नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. नंतर दोनदा तुम्ही विचारलंत, "भूगोलमां इतलं काय शे, बेटा?" मी तोंड फुगवून बसले. रोज गाडीच्या वेळेला तुम्ही फाट्यावर सायकल घेऊन उभे असायचात आणि मी मागे कॅरिअरवर बसून घरापर्यंत मुद्दाम गप्प राहायचे. आता वर्गातून बाहेर पडताना कितीदा वाटतं, फाटकाशी ती सायकल असावी. खूप बोलायचं आहे.

त्या मुलीला मी म्हटलं, "तुला कोणता विषय हवाय आणि कशासाठी, ते आज घरी वडिलांना नीट सांग. फॉर्म मी उद्या घेईन." फुकटचा शहाणपणा. मी स्वतः कुठे सांगितलं होतं?

भूगोलवाल्यांची सहल दरवर्षी कोकणात जायची, आबा. मला समुद्र बघायचा होता. विषयाचं मला काही पडलेलं नव्हतं. एवढं बोलले असते, तर तुम्ही दोन दिवस दुकान बंद ठेवून मला घेऊन गेला असतात. मग तुम्हीही पाहिला असतात.