वसंताचं ओझं मी कमी केलं

२५ ऑक्टो. ७६
उद्या निघायचं. राधानगरी ते गगनबावडा, रानातनं, चार दिवस. वसंता पहिल्यांदाच येतोय. शाहूपुरीत कापड मोजणारा माणूस. पाठपिशवी पंधरा किलोची करून आला. मी सगळी जमिनीवर ओतली. घोंगडं, विजेरी, जादा स्वेटर बाजूला.
"रेनकोट तरी राहू दे की लेका."
"दिवाळी झाली. आता कुठला पाऊस?"
सहा किलोवर आणली. त्याची बायको, सुमनवहिनी, हसत होत्या.

२६
हलकं चालणं. वसंता दिवसभर गात होता. मुक्काम धनगरवाड्यावर. म्हातारा म्हणाला, "एवढ्याशा पिशवीवर रानात निघालाय व्हय पावणं?" मी ऐटीत, "डोक्यात असलं की पाठीवर लागत नाही."
माझ्या डोक्यात. वसंताच्या नव्हे. तेव्हा सुचलं नाही; ह्या ओळी नंतर घातल्यात.

२९, कोल्हापूर
दोन दिवस वही उघडली नाही. २७ला दुपारी सड्यावर, उघड्या कातळपठारावर, धुकं, मग पाऊस. वसंता कुडकुडायला लागला. कपारीत बसवलं. "हलू नको, वाट बघून येतो." तासाभरानं आलो तर कपार रिकामी. अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. मला पोकळ ओंडक्यात कोरडी ढलपी मिळाली, शेकोटी पेटली, मी जगलो. सकाळी धनगरांना घेऊन आलो. ओढ्यात सापडला. मांडी मोडलेली, अंग बर्फ, मुठीत काडेपेटीचा लगदा. धनगरांच्या घोंगड्याची झोळी करून खाली आणला.

३१
दवाखाना. न्यूमोनिया. डॉक्टर "बघू" एवढंच म्हणतात. डोळे उघडतो, बोलत नाही.
माझ्या शाळेतले दोघं शिक्षक भेटायला आले. एक म्हणाला, तुमचा अनुभव होता म्हणून निदान सापडला तरी. मी मान डोलावली. लाज वाटली.

२ नोव्हें.
ताप तसाच. दुपारी वहिनींनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.
"भावजी, ह्यांनी हाक मारली असंल की. तुमास्नी ऐकू आली न्हाय?"
"नाही."
इथं खरं लिहितो. आली होती. एकदाच, खालून, ओढ्याच्या अंगानं. पाऊस जोरात, उजेड संपत आलेला, हातात विजेरी नाही. उतरलो तर मीही जाईन असं वाटलं. धुक्यात आवाज फसवतो, असं स्वतःला सांगितलं आणि ओंडक्याकडं वळलो.

४
आज वसंताचे ओठ हलले. वहिनींनी कान जवळ नेला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. "काय म्हणतोय?" विचारलं. त्यांनी हातानं गप्प केलं. अजून ऐकतायत.