गोल होईपर्यंत गुलाबराव पुण्याला जाणार नाहीत

ती. भालचंद्रमामांना,

हेरंबचा दिल्लीच्या मयूर विहारहून साष्टांग नमस्कार, आणि मामींना त्याहून थोडा जास्त, कारण दिवाळीत त्यांनी पाठवलेली कांदा-लसणाची चटणी आम्ही अजून पुरवून पुरवून खातो आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलं याचा अर्थ तालमीच्या कट्ट्यापर्यंत चालत जाऊन तिथे दुपारपर्यंत बसायला सांगितलं असा होत नाही, हे मामींचं वाक्य मला परवा फोनवर मागून ऐकू आलं. (फोनवर तुम्ही सगळ्याला ‘हो, हो’ म्हणता आणि ठेवल्यावर मामींना विचारता, काय म्हणत होता तो? म्हणून या वेळी पत्र.) इकडे देवयानी मजेत आहे. लेक अक्षया बारावीला आहे आणि ‘एकोणसत्तर’ म्हणजे नक्की किती, हे तिला अजून हिंदीत विचारावं लागतं. बाकी तब्येत उत्तम.

तर मामा, गेल्या रविवारी आम्ही सहा-शून्य हरलो. तुम्ही म्हणाल, यात कळवण्यासारखं काय आहे, तुम्ही दर रविवारी हरता. अगदी खरं. नोएडाच्या रविवारच्या लीगमध्ये आमचा हा दुसरा मोसम, आणि आम्ही अजून एकही गोल केलेला नाही. आता संघच असा आहे. मागे मी (चेंडू आणि मी एका वेळी एका जागी सहसा नसतो), मध्ये बँकेतला चिराग, जो जन्मला-वाढला इथेच आणि आईशीसुद्धा अर्धं हिंदीतच बोलतो, पुढे उदगीरहून यूपीएससीच्या तयारीला आलेला सुजय, त्याच्या खोलीतली आणखी तिघं, आणि बाकी त्या सकाळी ज्याला जाग येईल तो. तुम्ही कोल्हापूरच्या पेठेकडून खेळलात म्हणून फुटबॉल माझ्या रक्तात असणार, असं धरून मला कप्तान केलं आहे. तुमच्या बहिणीकडून ते रक्त माझ्यापर्यंत आलेलं दिसत नाही.

पण या संघाचा खरा मालक म्हणजे आमचे गुलाबराव. केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे, गळ्यात शिट्टी. दिल्लीत उतरलेल्या कुठल्याही मराठी पोराला खोली बघून देणं, त्याच्या घरमालकाशी हिंदीत भांडणं आणि पोरगा तापाने पडला की बायकोच्या, म्हणजे भानुमतीकाकूंच्या, हातची खिचडी डब्यातून पोचवणं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. मी स्वतः नोकरीला आलो तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यात दीड महिना झोपलो होतो आणि त्यांनी एकदाही विचारलं नाही की बाबा, जाणार कधी. आता त्यांचा मुलगा पुण्यात आहे, त्याला मुलगी झाली आहे, आणि काकूंनी ती नात अजून फक्त मोबाईलवर पाहिली आहे. काकूंची निम्मी भांडी खोक्यांत भरून तयार आहेत. गुलाबरावांनी मात्र पण केला आहे, तोही इथल्या मराठी मंडळाच्या भर सभेत (त्यामुळे आता मागे घेता येत नाही), की या संघाचा एक गोल पाहिल्याशिवाय मी दिल्ली सोडणार नाही.

म्हणजे बघा, काकू सोमवारचा उपवास धरतात तो आमच्या गोलासाठी. आणि आम्ही? आम्ही काय सांगू.

गेल्या रविवारच्या सामन्यासाठी गुलाबरावांनी एक डाव काढला. त्यांचं म्हणणं असं की समोरच्यांना आपलं सगळं बोलणं कळतं, म्हणून आपण हरतो. तेव्हा मैदानात लेफ्ट नको, पास नको, हिंदी तर नकोच. सगळ्या सूचना शुद्ध मराठीत. समोर नोएडातल्या एका आयटी कंपनीचा संघ, त्यांना काय कळणार! डाव नामी होता. पण तो आमच्यातल्याही निम्म्यांना कळणार नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्याच चढाईत चिरागकडे चेंडू आला, समोर एकच गडी, आणि गुलाबराव कडेने ओरडले, हूल दे, हूल दे! चिरागने चेंडूवर पाय ठेवला, माझ्याकडे वळला आणि आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं विचारलं, “अंकल, हूल मतलब?” मीही भला माणूस, तिथूनच ओरडून समजावलं की भाई, उधर जाने का दिखा के इधर जाना. तोवर समोरचे चौघं ‘इधर’ येऊन उभे राहिले होते. असे आम्ही मध्यंतरापर्यंत चार गोल खाल्ले.

मध्यंतराला त्यांचा गोलकीपर पाणी प्यायला आमच्या बाजूला आला आणि अतिशय आदबीने म्हणाला, “काका, तुमचा डाव्या अंगाने शिरायचा बेत चांगला होता, पण मी आधीच सरकलो.” जळगावचा निघाला! अनुराग नाव. मुकाट्याने ऐकत होता सगळं. गुलाबराव मटकन खुर्चीत बसले. काकूंना मात्र माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी त्याला दोन डिंकाचे लाडू दिले आणि ते संपेपर्यंत नातीचे फोटो, भरलेली खोकी आणि नवऱ्याचा पण, असं सगळं त्याच्या कानावर घातलं. पोरगा विरघळला. परत जाताना काकूंच्या पाया पडून गेला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सामना संपत आला, आम्ही सहा गोलांनी मागे, आणि चिरागने एकदाची ती हूल दिली. इतकी अचानक दिली की समोरचा त्याच्या अंगावरच पडला, आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. आयुष्यातली पहिली! मारायला सुजय. गोलात अनुराग. काकू खुर्चीवरून उठल्या आणि डोळे मिटून हात जोडून उभ्या राहिल्या. शिट्टी वाजायच्या आत अनुराग हळूहळू सरकत एका खांबाला जाऊन टेकला, बस स्टॉपवर टेकतात तसा, आणि सुजयकडे बघून त्याने मान हलवली. आख्खा गोल मोकळा, मामा. अक्षयानेसुद्धा मारला असता. सुजयने गुलाबरावांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, पुन्हा गुलाबरावांकडे पाहिलं, धावत आला आणि चेंडू असा हाणला की तो आडव्या दांडीवरून पार पलीकडच्या क्रिकेटवाल्यांच्या खेळपट्टीवर जाऊन पडला.

आणि मामा, लाज वाटते सांगायला, पण आम्ही सगळेच्या सगळे आनंदाने नाचलो. समोरच्यांना कळेना की हरले कोण. गुलाबरावांनी सुजयला मिठी मारली, पाठ थोपटली, होतं रे असं म्हणाले, आणि पुढच्या रविवारी सकाळी लवकर जमायचं ठरवूनही टाकलं. चेहरा असा फुलला होता की जणू लीग जिंकले. मग कडेला सतरंजी टाकून पोहे झाले, अनुरागही बसला, उन्हं छान पडली होती, इतका मजेचा पराभव मी दुसरा पाहिला नाही. काकूंनी तेवढं सुजयला विचारलं, मुद्दाम मारलास का रे? तो म्हणाला, काकू, मी दोन्ही बाजूंचा विचार करत होतो. (यूपीएससीचा क्लास.) काकूंनी सगळ्यांना पुन्हा पोहे वाढले, सुजयला जरा जास्तच.

तब्येतीला जपा. मामींना चटणीची आठवण करून द्या.

तुमचा,
हेरंब

ता. क. : आपली कृतिका, तुमची नात, यंदा जिल्ह्याकडून खेळताना प्रत्येक सामन्यात गोल करते आहे असं कळलं. आमच्या लीगमध्ये मुली खेळलेल्या चालतात. होळीच्या सुट्टीत तिला आठ दिवस दिल्लीला पाठवावं, राहण्या-जेवण्याची सोय भानुमतीकाकूंकडे, अशी आग्रहाची विनंती.

दुसरा ता. क. : वरचा ता. क. काकूंनी शेजारी बसून लिहून घेतला. आता त्या चहा टाकायला आत गेल्या आहेत. मामा, हात जोडतो, कृतिकाला पाठवू नका. तिची परीक्षा आहे, पाय मुरगळला आहे, काहीही कळवा. गुलाबराव गेले तर आमचं इथे कोण आहे?

तिसरा ता. क. : भालचंद्रभाऊंना सौ. भानुमतीचा नमस्कार. हेरंबने पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट नीट चिकटलं नव्हतं. दुसरा ता. क. धरू नये. कृतिकाशी मी फोनवर बोलले, ती येते म्हणाली, तिचं तिकीट काढलं आहे. पुण्यात आम्ही मुलाच्या घराखालचीच जागा घेतली आहे, आणि त्यातली एक खोली या पोरांसाठी म्हणून मोकळी ठेवली आहे, पलंगसुद्धा मांडला आहे. हे हेरंबला तुम्ही कळवा. मी सांगायला गेले तर तो माझ्यासमोर रडेल, आणि मग माझाच पाय निघायचा नाही.