माझ्या नावाचा अंगठा

१२ जानेवारी
अंगणवाडीच्या प्रकल्प कार्यालयात गेली होती. निवृत्तीच्या एकरकमी पैशांचं विचारायला. कितव्यांदा, ते आता आठवत नाही. बाबूनं मान वर न करता सांगितलं, "तुमचा चेक तर दिवाळीच्या आधीच गेला."
"कोणाले गेला?"
"तुमची भाची घेऊन गेली. तुमचं पत्र होतं तिच्याजवळ."
मला ना भाऊ, ना बहीण. भाची कुठून आली? पत्र दाखवा म्हटलं. फाइल साहेबांकडे. साहेब मीटिंगला.

१३ जाने.
साहेबांच्या दारातच बसली. तीन वाजता पत्र दाखवलं. टाइप केलेलं. खाली माझं नाव आणि सहीच्या जागी अंगठा.
अंगठा! एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. दर महिन्याचा अहवाल, आहाराचं रजिस्टर, सगळ्यांवर माझी सही. ते कागद यांच्याच कपाटात पडले आहेत. बाबूला विचारलं, मला सही करताना कधी पाहिलं नाही का? म्हणतो, "एवढ्या सेविका, कोणाकोणाचं ध्यानात ठेवायचं?"
माझे बाबा धम्मदीक्षा घेऊन आले, त्याच वर्षी रात्रशाळेत जाऊन सही शिकले. हमाली करून. त्यांच्या पोरीच्या नावावर हे!
संताप इतका की जेवण गेलं नाही.

१६ जाने.
चेक लकडगंजातल्या एका बँकेत वटला, एवढं कळलं. माझी लेक प्रणाली शाळेत शिकवते, तिनं माझ्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मॅनेजर म्हणाला, "पैसे तुमच्या खात्यात आले, तुमच्या खात्यातून निघाले. आमची चूक काय?"
माझं तिथं खातंच नाही. कधी पायरी चढली नव्हती.
शेवटी खातं उघडल्याचा फॉर्म काढला. नाव माझं, पत्ता माझा, आधारची झेरॉक्स माझी. फोटो दुसऱ्याच बाईचा. हिरवं पातळ, बावरलेले डोळे. इथंही अंगठाच.
प्रणाली ओरडलीच. "साहेब, या दोघी एकच बाई दिसून राहिल्या का तुमाले?"
"झेरॉक्स काळी आली आहे, मॅडम."
घरी येताना आठवलं. ती झेरॉक्स मी एकाच जागी दिली होती. निवृत्तीच्या कागदांसोबत, कार्यालयात.

२० जाने.
तीन दिवस दोन ठाण्यांत चकरा. हे म्हणतात बँक त्यांच्या हद्दीत, ते म्हणतात कार्यालय यांच्या हद्दीत. आज खुर्ची धरून बसली, म्हटलं तक्रार लिहून घेतल्याशिवाय उठत नाही. चार वाजता घेतलं लिहून.
मोतीबिंदूचं ऑपरेशन याच पैशांवर ठरलं होतं. डॉक्टरांना फोन करून पुढे ढकललं.

२ फेब्रुवारी
फोटोतली बाई सापडली. ठाण्यात बाकाच्या टोकावर बसली होती. नाव सुमन. रामदासपेठेत धुणीभांडी करते. मी मनात काय काय बोलायचं ठरवून गेली होती!
फौजदारांसमोर ती म्हणाली, "मले सांगतलं, नवरा नसलेल्या बायांसाठी सरकारी स्किम आहे. फोटो दे, अंगठा दे. बँकेतून पैसे काढले ते त्यानंच ठेवले. मले पाचशे रुपये भेटले."
"कोणं सांगतलं?" मी विचारलं. नाव काही सांगेना.
बाहेर नळावर हळूच बोलली. "बाई, तुमच्या आफिसातलाच होय तो. दारातून आत गेलं की पहिला टेबल."
पहिला टेबल. ज्यानं मान वर केली नाही, तोच. भाचीची गोष्टही त्याचीच.

४ फेब्रु.
फौजदार: "मावशी, बाई कबूल झाली आहे. तिच्याविरुद्ध बयाण द्या. केस लवकर उभी राहते, बँकही मग आढेवेढे घेत नाही." मी बाबूचं नाव घेतलं, तर म्हणाले, "पुरावा आणा."
पुरावा मी आणू? मग हे काय करून राहिले?
प्रणाली म्हणते, "आई, आपले पैसे पाहा. तिनं अंगठा दिलाच ना?" तिचंही खोटं नाही. पण त्या बाईला आत टाकून बाबू उद्या त्याच टेबलावर बसणार आणि पुढच्या सेविकेचे कागद घेणार. बयाण दिलं नाही. प्रणाली संध्याकाळपासून बोलत नाही.

६ फेब्रु.
सुमनच्या खोलीवर गेली. नाव सांग म्हटलं, ठाण्यात, सगळ्यांसमोर.
"मी गरीब बाई. तो मलेच अडकवन."
"अडकली तर तू आताच आहेस वं! काहून त्याले वाचवून राहिली? तुले फसवलं, खरं. पण पैसे माहे गेले."
रडली. मला दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. चहा ठेवते म्हणाली, मी थांबली नाही. माझा फोन नंबर मात्र तिला दिला, तिचा घेतला.

८ फेब्रु.
बँकेचं पत्र. "पोलीस तपास पूर्ण झाल्यावर विचार करण्यात येईल." विचार! खातं उघडताना केला असता तर...
सुमनचा फोन दिवसभर बंद.
प्रणालीनं स्वतःहून माझा अर्ज टाइप करून दिला. बाबूच्या नावासकट, पोलिसांच्या वरच्या साहेबांना. "चुका काढ यातल्या," एवढंच बोलली.

९ फेब्रु.
फौजदारांनी अकराला ठाण्यात बोलावलं होतं. बसमध्येच होती, साडेदहाला फोन वाजला. सुमन.
"बाई, मी ठाण्यात येऊन बसली आहो, त्याचं नाव सांगाले. साहेब म्हणते, तोंडी नाही, सगळं लिहून दे. मले तं लिहिता येत नाही. तुमी किती लांब आहा?"
मी दोन स्टॉप आधीच उतरून ऑटो केला.