उभ्याने मंजूर

१४ नोव्हेंबर

आजची सभा चहा यायच्या आत संपली.

कारण काय, तर कधीकाळी सभासद असलेले एक गृहस्थ वारले. मला त्यांचा चेहराही आठवत नाही, पण दुखवट्याचा ठराव मीच लिहिला. मनमिळाऊ, कर्तबगार, त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी वगैरे वगैरे. नगरपालिकेच्या सभा खात्यात जन्म गेला आणि एवढी एकच कला अंगी आली — गेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची.

पद्धत ठरलेली. आधी डोळेपुसे उभे राहतात. पुढच्या बाकावरचे हे एक सभासद, रुमाल आधीपासूनच हातात, म्हणून खात्यात आम्ही त्यांना डोळेपुसे म्हणतो. ते सूचना मांडतात, अध्यक्ष अनुमोदन देतात, सगळं सभागृह उभं राहतं आणि मी ठराव वाचते. माना खाली, जरा वेळ शांतता, झाला मंजूर. चर्चा नाही, मतदान नाही. विरोध करायचा तर सगळे उभे असताना खाली बसावं लागेल, आणि तसं कोण बसणार? एकदा झालेला दुखवटा मागेही घेता येत नाही. आणि मग गेलेल्या माणसाच्या मानाखातर सभा तहकूब. या पुढच्या महिन्यात.

अकरावा विषय तसाच राहिला. टाकीखालची भिंत. मास्तरीणबाईंनी मांडलाय तो — शाळेतून निवृत्त होऊन सभासद झाल्या, अजून हातात छडी असल्यासारख्या बोलतात. माझी थोरली बहीण, ताई, त्या भिंतीखालच्या गल्लीतच राहते; ती गॅलरीत बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. गॅलरीतल्या माणसाला बोलायची मुभा नाही, फक्त ऐकायची. आज ऐकण्यासारखंही काही नव्हतं. जाताना तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१६ नोव्हेंबर

रविवार. नेहमीप्रमाणे ताईकडे जेवायला. मला तरी दुसरं कोण आहे?

जेवणाआधी भिंत पाहून आले. गल्लीच्या वर टेकडी, टेकडीवर पालिकेची पाण्याची टाकी, आणि टेकडी खाली येऊ नये म्हणून ही भिंत. टाकी गळते. ते पाणी भिंतीमागे मुरतं. भिंतीला आता चांगलं पोट आलंय. भावजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान नेमकं त्या पोटाखाली. फटीतून पाणी झिरपतं, तिथे त्यांनी डबा लावलाय, भरला की झाडांना घालतात.

म्हटलं, दुकान काही दिवस बंद ठेवा.

"आणि खाऊ काय, तुझे ठराव?"

मग स्वतःच हसले. मला ते शोकसम्राज्ञी म्हणतात. "माझ्यावर लिहिशील तेव्हा हसतमुख घाल बरं का. पण पोकळी नको. ती भिंतीमागे आहे तेवढी पुरे."

ताईने पातेलं आपटलं. "जेवताना तरी जरा शुभ बोला."

भिंत बांधली अध्यक्षांच्या व्याह्यांनी. हे गल्लीला ठाऊक आहे, सभागृहालाही. विषय चर्चेला आला की कोणीतरी विचारणार, बांधली कोणी? म्हणून तो येत नाही. यात गूढ काही नाही.

१२ डिसेंबर

सकाळभर खुर्च्यांवर चर्चा. सभागृहात नव्या खुर्च्या आल्यात, त्यांतल्या काहींना हात आहेत आणि काहींना नाहीत. एक सभासद म्हणाले, "हा माझा नाही, माझ्या मतदारांचा अपमान आहे." दुसऱ्याने बाक बडवला. तिसऱ्याने सभात्याग केला आणि आपली जागा जाईल म्हणून लगेच परतही आला. मी सगळं लिहून घेतलं. हे सगळं इतिवृत्तात जाणार, पुढच्या पिढ्या वाचणार.

दहावा विषय संपत आला तशी माणसं उठायला लागली. कोणाचा फोन, कोणाची कंबर धरलेली. अकरावा पुकारला, तर डोळेपुसे हळूच म्हणाले, "अध्यक्ष महाराज, कोरम नाही."

कोरम बाहेर होता! दाराबाहेर उभा राहून खिदळत होता. दाराखालच्या फटीतून मला त्यांचे बूट दिसत होते. मास्तरीणबाई ताडकन उठल्या. "ते काय उभे आहेत बाहेर, आत बोलवा त्यांना."

अध्यक्ष म्हणाले, "बाहेरचा सभासद सभागृहात धरता येत नाही, बाई. नियम आहे."

तहकूब.

३ जानेवारी

भिंतीचा एक दगड सुटून पडला. भावजी म्हणतात, गिऱ्हाईकाला बसायला बरा आहे.

८ जानेवारी

चिटणीस म्हणजे माझे साहेब. दुपारी टेबलाशी आले. "बाई, उद्यासाठी एक दुखवटा तयार ठेवा."

"कोण गेलं?"

"शेजारच्या गावचे माजी उपाध्यक्ष."

"ते तर मागच्या पावसाळ्यातच गेले, साहेब. पेपरात आलं होतं."

"मग? आपण तेव्हा केला नव्हता ना?" असं म्हणून चष्मा पुसत बसले. माणूस वाईट नाही. पण चष्मा पुसायला लागले की समजायचं, पुढे विचारायचं नाही.

म्हणजे हे लोक मेलेली माणसंसुद्धा शिलकीत ठेवतात, लागतील तशी काढतात. मला किळस आली. आणि तरी लिहिलं. मनमिळाऊ, कर्तबगार.

९ जानेवारी

सगळे उभे राहिले. मी वाचायला लागले आणि सहज वर नजर गेली. गॅलरीत ताई बसून होती.

शिपाई तिच्या कानाशी गेला. "उठा ना ताई, माणूस गेलंय."

"कधी गेलंय ते विचार त्यांना," ती म्हणाली. शांतता होती, सगळ्यांना ऐकू गेलं. कोणी मान वर केली नाही. डोळेपुशांनी रुमाल तेवढा घट्ट धरला.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले, जायला नको होतं. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. "तू लिहून देतेस म्हणून ते उठतात. एकदा तरी लिहू नकोस."

म्हटलं, मी नाही लिहिलं तर दुसरं कोणीतरी लिहील.

"मग लिहू दे दुसऱ्याला. माझ्या बहिणीने तरी नको."

भावजी मधे पडले. "अगं, नोकरी आहे तिची. ती काय करणार?" मला दारापर्यंत सोडायला आले, चप्पल सरळ करून दिली. मला फार लाज वाटली. आत्ताही वाटतेय.

२१ जानेवारी

भिंत पडली. भर दुपारी. भावजी दुकानात होते.

२५ जानेवारी

लोकांनी हातांनी दगड काढले. पालिकेची गाडी आली तेव्हा काढायचं काही उरलं नव्हतं. ओळख मी पटवली, ताईला पुढे येऊ दिलं नाही. त्यांच्या मुठीत छोटा पेचकस होता. तो सोडवताना दवाखान्यातला माणूसही कासावीस झाला.

घर माणसांनी भरलंय आणि ताई रडत नाही. भांडी घासते, घासलेली परत घासते. आज मला फक्त एवढंच म्हणाली, "अर्धी अजून उभी आहे."

खरं आहे. उरलेली अर्धी ताईच्या घराच्या आणि पुढच्या सगळ्या घरांच्या डोक्यावर आहे. वरती टाकी गळतेच आहे. माझ्याकडे चल म्हटलं तर म्हणाली, "आणि बाकीच्यांनी कुठे जायचं? तुझ्या एका खोलीत?"

२ फेब्रुवारी

कामावर रुजू झाले. घरी बसून वेड लागलं असतं. मास्तरीणबाई येऊन गेल्या. भिंतीचा विषय त्यांनी परत दिलाय, यावेळी पहिलाच घ्यावा म्हणून. चिटणीसांनी घेतला — अकरावा.

११ फेब्रुवारी

साहेब टेबलाशी आले.

"बाई, परवाच्या सभेत तुमच्या भावजींचा दुखवटा घ्यायचं ठरलंय. अध्यक्षांचीच इच्छा आहे. खरं तर सभासद नसलेल्या माणसाचा कधी घेत नाही आपण. मोठा मान आहे."

"आणि मग सभा तहकूब?"

चष्मा काढला त्यांनी, पुसायला लागले. "तुम्हीच लिहा. घरचं माणूस आहे, तुम्हाला शब्द सुचतील."

मी हो म्हटलं. स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून ओरडले. आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. आज चिंतलं.

१२ फेब्रुवारी

लिहिला. साहेबांनी पहिली ओळ बघितली, भावजींचं नाव बरोबर आहे ना पाहिलं आणि सही केली. अध्यक्षांनी तेवढंही बघितलं नाही. दुखवटा कोण वाचतो?

ताईला म्हटलं, उद्या ये. म्हणाली, "त्यांच्या नावावर हे लोक घरी जाणार, ते बघायला येऊ?" मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझाच धीर सुटला असता.

१३ फेब्रुवारी

भिंत पडल्यामुळे आज पेपरवालेही आले होते. डोळेपुसे उठले, सूचना मांडली, रडलेसुद्धा. अध्यक्षांनी अनुमोदन दिलं. सगळे उभे राहिले, माना खाली. मी वाचलं. शेवटच्या ओळी मुद्दाम सावकाश वाचल्या — "आणि हे सभागृह असा ठराव करते की, टाकी आजच रिकामी करावी, उरलेली भिंत उद्यापासून उतरवावी, आणि ती ज्यांनी बांधली त्यांची चौकशी व्हावी."

दोन-चार माना वर आल्या. मास्तरीणबाई मागून खणखणीत म्हणाल्या, "कोणाचा विरोध असेल त्यांनी खाली बसावं."

डोळेपुशांनी खुर्चीच्या हाताला हात लावला. अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी पेपरवाल्यांकडे. कोणी बसलं नाही.

उभ्याने मंजूर. एकमताने. साहेब कुजबुजले, "बाई, काय केलंत हे. उद्यापासून येऊ नका." नाही येणार.

वर गॅलरीत ताई बसून होती. आली होती ती. मग पिशवी बाजूला ठेवून उठली.

हसतमुख घातलं होतं. पोकळी लिहिली नाही.