बिननावाचा क्लास

सोमवार
लागली एकदाची कोडिंगची नोकरी! ऑफिस काचेचं, खुर्ची माझ्यापेक्षा गुटगुटीत, कॉफी मात्र गुळमट. पिल्लूला ताईजवळ ठेवलंय. संध्याकाळी आई परत येते म्हटल्यावरच पोरीनं पदर सोडला.

आमच्या टीमच्या प्रमुख, लीडबाई, शिस्तीच्या. त्यांनी काम समजावलं. इंटरफेस म्हणजे कोणती कामं व्हायला हवीत एवढंच सांगणारा करार. ती कोण करतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कामं करायला तिथल्या तिथे एक बिननावाचा क्लास, म्हणजे ती कामं करणारा कोडचा तुकडा, लिहायचा. एकदाच लागणाऱ्याला नाव कशाला, म्हणाल्या. इथे माणसांनाही कुणी नावानं हाक मारत नाही. गंमतच आहे.

मंगळवार
बोलणी खाल्ली. बिननावाच्या क्लासमध्ये हौसेनं एक जास्तीचं काम घातलं होतं. ते बाहेरून चालेचना. लीडबाई म्हणाल्या, करारात नाही ते आत कितीही असो, बाहेरच्याला दिसत नाही. पटलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला नाव विचारलं, तर ती विचारातच पडली. कामाचा ताण, दुसरं काय.

बुधवार
निघताना दार उघडेना. लीडबाईंना सांगितलं, तर त्या स्क्रीनकडेच बघत राहिल्या. कोड तपासला का, असं त्यांनी विचारलं. तपासला म्हटलं, ते मात्र त्यांना लगेच ऐकू गेलं. माझ्या करारात कोड लिहिणं, तपासणं, उत्तर देणं एवढंच आहे. घरी जाणं नाही. आधी हसू आलं. मग नाही आलं.

गुरुवार
रात्र खुर्चीतच. ताईला फोन केला. ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. मागे पिल्लू आईला शोधत होतं. ओरडले, खुर्ची आपटली. कुणी मानसुद्धा वळवली नाही. फार भीती वाटतेय. माझं नाव — लिहायला घेतलं आणि — पहिलं अक्षरच —

शुक्रवार
ताई आलीय. काचेपलीकडे, पिल्लूला घेऊन. सांगतेय, माझी बहीण इथे — पुढे नाव येत नाही तिला. मी काच बडवतेय. पिल्लू रडतंय.

लीडबाई बाहेर गेल्या, वाकून पिल्लूला म्हणाल्या, "आईच हवी ना? देते हं."

शेजारची मुलगी उठली. तिच्यासाठी दार उघडलं — तिनं पिल्लूला कडेवर घेतलं, डोळे पुसले, मुका घेतला — आईची सगळी कामं बरोबर करतेय —

पिल्लू गप्प झालं. ताईचा चेहरा निवळला. तिघी निघाल्या —

पिल्लू, ती नाही गं — इकडे बघ, मी — तुझी —